कायेनला मागे पडलेले घड्याळ

१६७२ च्या एप्रिलमध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कायेन बेटावर उतरला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला धाडले होते ते मंगळासाठी. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. पॅरिसहून तिथल्या कासिनी या खगोलज्ञाने आणि कायेनहून रिशेने एकाच काळात तो पाहायचा, ताऱ्यांमधली त्याची जागा टिपायची आणि दोघांच्या नोंदींत जो बारीकसा फरक पडेल त्यावरून मंगळाचे अंतर काढायचे, असा बेत होता. हे एक अंतर हाती आले की केप्लरच्या नियमाने बाकीच्या ग्रहांची अंतरेही सुटणार होती. आपली सूर्यमाला केवढी आहे याचा भरवशाचा आकडा तोवर कोणापाशी नव्हता.

मंगळाचे काम रिशेने चोख केले. तरी विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव टिकले ते यादीतल्या एका दुय्यम कामामुळे. एका सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या लंबकाची लांबी कायेनला किती भरते, ते त्याने मोजायचे होते.

या मोजणीतून काही नवे निघेल असे अकादमीतल्या अनेकांना वाटत नव्हते. क्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बनवले, तेव्हापासून खगोलज्ञांना कालमापनाचे विश्वासू साधन मिळाले होते. लहान झोके घेणाऱ्या लंबकाला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. गोळा शिशाचा की पितळेचा, याने फरक पडत नाही. पॅरिसमध्ये सेकंदाच्या लंबकाची लांबी ३ फ्रेंच फूट आणि ८.६ लीन्य इतकी भरत होती. लीन्य म्हणजे फ्रेंच इंचाचा बारावा भाग, सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. आजच्या मापात ती लांबी ९९.४ सेंटिमीटर. झां पिकार हा अकादमीचा मोठा मोजणीतज्ज्ञ. १६७१ मध्ये तो डेन्मार्कला टायको ब्राहेच्या जुन्या वेधशाळेच्या जागी गेला होता आणि तिथेही त्याला लांबी तेवढीच आढळली. मग हीच लांबी साऱ्या जगासाठी मापाचे एकक का करू नये, अशी कल्पना त्याने मांडली. राजाच्या पावलावर किंवा हातावर बेतलेली मापे टाकून निसर्गानेच दिलेले माप घ्यायचे! विचार फार सुंदर होता, आणि कायेनची मोजणी त्यावर शेवटची मोहोर उमटवील अशी अपेक्षा होती.

कायेन विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. तिथे लंबक मागे पडू लागला.

घड्याळ चुकते आहे हे रिशेला कळले ते ताऱ्यांमुळे. एखादा तारा माथ्यावरची ठरलेली रेषा ओलांडतो आणि २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांनी पुन्हा तीच रेषा ओलांडतो. हा हिशेब पॅरिसमध्ये एक आणि कायेनला दुसरा असा असत नाही. त्या हिशेबाने पाहता पॅरिसच्या लांबीचा लंबक कायेनला दिवसाकाठी दोन मिनिटांहून जास्त मागे पडत होता. न्यूटनने पुढे हा आकडा २ मिनिटे २८ सेकंद असा दिला आहे. ठोका पुन्हा बरोबर सेकंदाचा पडावा म्हणून रिशेला लंबक सव्वा लीन्यने आखूड करावा लागला, म्हणजे तीन मिलिमीटरहूनही थोडा कमी.

इथे रिशेचे मोठेपण आहे असे मला मनापासून वाटते. तीन महासागरी मोहिमांतून आलेली अनुभवी माणसेसुद्धा अशा वेळी घड्याळाला दोष देऊन मोकळी झाली असती. समुद्रप्रवासात यंत्र हलले असेल, दमट हवेने गंज चढला असेल, तेल घट्ट झाले असेल; कारणांना तोटा नव्हता. लंबक गुपचूप आखूड करून रिशेही मंगळाकडे वळू शकला असता. पण त्याने घड्याळाची यंत्रणाच बाजूला ठेवली, एक साधा लंबक टांगला आणि त्याचे झोके चांगल्या घड्याळाशी ताडून पाहिले. झोके इतके लहान ठेवले की एकदा सोडलेला लंबक बावन्न मिनिटे डोळ्यांना स्पष्ट दिसेल असा हलत राही. ही मोजणी त्याने दर आठवड्याला, सलग दहा महिने केली. मिळालेली लांबी एका लोखंडी पट्टीवर खुणेने कोरली आणि ती पट्टी सोबत फ्रान्सला आणली, म्हणजे दोन ठिकाणच्या लांबी एकाच पट्टीवर शेजारी शेजारी पाहता येतील. १६७३ मध्ये तो परतला. १६७९ मध्ये त्याचा अहवाल छापून निघाला, आणि त्यात सव्वा लीन्यचा हा फरक त्याने आपल्या महत्त्वाच्या निरीक्षणांत गणला होता.

सगळ्यांनी मान डोलावली असे मात्र झाले नाही. उष्णतेने धातू लांबतो हे माहीत होते. कायेनच्या उकाड्यात लंबकाची दांडी लांबली, म्हणून ठोका मंदावला; एवढ्या साध्या खुलाशावर प्रश्न मिटत असेल तर निसर्गाचे नियम कशाला हलवायचे? शंका रास्त होती आणि तिला उत्तर मोजूनच द्यावे लागणार होते. पिकारने थंडीत आणि आगीजवळ लोखंडाची कांब मोजली होती. अकादमीतल्याच ला हीरने हिवाळ्यात सहा फूट भरणारी कांब उन्हाळ्याच्या उन्हात ठेवून पाहिली, तेव्हा ती दोन तृतीयांश लीन्यने वाढली. लंबक सहा फुटांचा नव्हता, तीन फुटांहून थोडाच लांब होता, आणि घरात टांगलेला होता, उन्हात नव्हे. उष्णतेच्या खात्यात फरकाचा एक भाग जाई, सगळा फरक जात नसे. बाकी उरलेला फरक कुणाच्या नावावर मांडायचा?

दरम्यान दुसरीकडूनही तशाच बातम्या येत होत्या. तरुण एडमंड हॅली १६७७ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर दक्षिणेकडचे तारे नोंदवायला गेला होता. त्याचेही घड्याळ लंडनपेक्षा मागे पडले आणि त्यालाही दांडी आखूड करावी लागली. १६८२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे गोरे आणि कॅरिबियन समुद्रातली ग्वादलूप व मार्टिनिक ही बेटे, इथे गेलेल्या फ्रेंच निरीक्षकांनी तेच सांगितले. विषुववृत्ताकडे सरकावे तसा लंबक मंदावत होता.

याचा अर्थ गंभीर होता. लांबी तीच आणि ठोका मंद, म्हणजे गोळ्याला खाली ओढणारी ओढच कमी. तोच गोळा, त्याच पितळेचा, त्यातला कणही झिजलेला नाही, पण त्याचे वजन कायेनला पॅरिसपेक्षा कमी भरत होते. किलोमागे साधारण तीन ग्रॅम.

मग हजारो वर्षे जगभर माल तोलणाऱ्या व्यापाऱ्यांना हे कधी का दिसले नाही? कारण तराजू ते दाखवूच शकत नाही. एका पारड्यात धान्य आणि दुसऱ्यात माप. ओढ कमी झाली तर दोन्ही पारड्यांवर सारखीच कमी होते आणि काटा मध्यावरच राहतो. तराजू घेऊन कोणी चंद्रावर गेला तरी एक किलो तांदळासमोर एक किलोचेच माप लागेल. वजनातला बदल पकडायचा तर ओढीची तुलना अशा कशाशी तरी करावी लागते, जे त्या ओढीबरोबर बदलत नाही. ताणकाट्यात ते काम स्प्रिंग करते. रिशेच्या लंबकात ते काम ताऱ्यांनी मोजलेल्या वेळेने केले. माणसाच्या हाती पडलेला बहुधा हा पहिलाच काटा, ज्यावर एका वस्तूची तुलना दुसऱ्या वस्तूशी होत नव्हती.

१६८४ च्या उन्हाळ्यात हॅली केंब्रिजला आयझॅक न्यूटनला भेटला आणि ग्रहांच्या कक्षांविषयीचा तो प्रसिद्ध प्रश्न त्याने विचारला. त्यातून उभा राहिलेला ग्रंथ म्हणजे १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’. ज्याने न्यूटनला लिहिते केले, त्याच माणसाने सेंट हेलेनावर आपल्या हाताने लंबक आखूड केला होता, हे ध्यानात ठेवावे असे आहे. ग्रंथाच्या पहिल्याच व्याख्येत न्यूटनने वस्तूतल्या द्रव्याचे परिमाण, म्हणजे आपण ज्याला वस्तुमान म्हणतो ते, वेगळे काढून ठेवले. वस्तू जिथे नेऊ तिथे तिचे वस्तुमान तिच्याबरोबर जाते. तिला हलवायला, थांबवायला, वळवायला किती जोर लागेल ते वस्तुमान ठरवते. वजन ही मात्र ओढ आहे. ती वस्तू आणि तिच्या पायाखालचा ग्रह या दोघांमधली गोष्ट.

पण हे नुसते म्हणून भागणार नव्हते. दोन राशी वेगळ्या आहेत, तर एकाच ठिकाणी त्या नेहमी एकाच प्रमाणात का असतात? सोन्याचे वजन आणि वस्तुमान यांचे जे नाते, तेच लाकडाचेही असते कशावरून? यासाठी न्यूटनने केलेला प्रयोग मला संपूर्ण ‘प्रिन्सिपिया’तला सर्वांत देखणा वाटतो. त्याने लाकडाच्या दोन सारख्या गोल पेट्या घेतल्या आणि अकरा फुटांच्या दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगल्या. एकीत लाकूड भरले, दुसरीत तितक्याच वजनाचे सोने, लंबकाच्या दृष्टीने त्याच ठिकाणी येईल असे. बाहेरून दोन्ही पेट्या एकसारख्या, म्हणून हवेचा विरोधही सारखा. मग दोन्ही एकदम सोडल्या. त्या बरोबरीने जात राहिल्या, बरोबरीने येत राहिल्या, किती तरी वेळ. सोन्यानंतर चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू यांची पाळी झाली. हजारात एक भागाचा फरक असता तरी तो आपल्या नजरेतून सुटला नसता, असा न्यूटनचा दावा होता. फरक दिसला नाही. म्हणजे एका जागी वजन हे वस्तुमानाच्या प्रमाणातच असते, पदार्थ कुठलाही असो. बदलते ते हे प्रमाण, आणि ते जागेप्रमाणे बदलते.

कायेनला ते का बदलले याचेही उत्तर न्यूटनने दिले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तावरची जमीन सर्वांत वेगाने फिरते. तिथे बाहेर फेकू पाहणारा जोर एकूण ओढीच्या २८९ व्या भागाइतका असतो आणि तेवढे वजन कमी भरते. याच फिरण्याने पृथ्वी मध्यावर फुगली आहे. विषुववृत्तावरचा माणूस केंद्रापासून थोडा दूर उभा असतो, म्हणून ओढ आणखी थोडी घटते. हा फुगवटा न्यूटनच्या हिशेबाने सतरा मैलांचा. आजचे माप २१ किलोमीटर. पृथ्वीच्या आकारावरून पुढे मोठा वाद पेटला, लॅपलँडला आणि पेरूला मोहिमा गेल्या, आणि त्या वादाची कथा स्वतंत्रच सांगावी लागेल. आपल्या देशातही लंबकाने एक बळी घेतला. भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले कॅप्टन बसेवी १८६५ पासून ठिकठिकाणी लंबक टांगत गेले आणि जुलै १८७१ मध्ये लडाखच्या मोरे पठारावर, काम चालू असतानाच मरण पावले. हिमालयाच्या परिसरात ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरते, म्हणजे पर्वतांच्या पोटाखाली हलके खडक खोलवर गेले आहेत, हे समजायला त्यांच्या नोंदींचा मोठा उपयोग झाला.

न्यूटनने मात्र याच्या कितीतरी पुढची उडी घेतली. वजन जागेवर ठरते, तर ती जागा पृथ्वीवरचीच कशाला हवी? गुरूवर एखाद्या वस्तूचे वजन किती भरेल, हे तिथे न जाता सांगता येईल का?

त्याने गुरूच्या चंद्राला विचारले. गुरूचा तेव्हा माहीत असलेला सर्वांत बाहेरचा चंद्र जवळजवळ १६ दिवस १६ तासांत फेरी घालतो. किती अंतरावरून, किती वेळात, हे कळले की त्या अंतरावर गुरूची ओढ किती ते कळते. अंतर निम्मे केले की ओढ चौपट, या नियमाने खाली उतरत गुरूच्या पृष्ठभागापर्यंत यायचे. शनीसाठी हायगेन्सने शोधलेला चंद्र होता, सूर्यासाठी शुक्राची प्रदक्षिणा, पृथ्वीसाठी आपला चंद्र. १७२६ च्या शेवटच्या आवृत्तीत उत्तरे अशी: सारख्याच वस्तूचे सूर्याच्या पृष्ठभागी वजन १०,००० धरले तर गुरूवर ९४३, शनीवर ५२९ आणि पृथ्वीवर ४३५. म्हणजे पृथ्वीवरच्या एक मण वजनाला गुरूवर दोन मणांहून थोडे जास्त. परग्रहावरचे वजन माणसाने पहिल्यांदा आकड्यात लिहिले ते ‘प्रिन्सिपिया’त.

या चार आकड्यांत पृथ्वीचा आकडा सर्वांत अवघड होता, कारण त्यासाठी सूर्याचे खरे अंतर लागते. पहिल्या आवृत्तीत न्यूटनने ते फार कमी धरले आणि पृथ्वीचा आकडा फुगला. पुढे त्याने जे अंतर स्वीकारले ते कासिनीने रिशेच्या मंगळ-नोंदींवरून काढलेल्या अंतराच्या बरेच जवळ जाणारे होते. कायेनहून निघालेले दोन धागे, मंगळाचा आणि लंबकाचा, इथे एका गणितात येऊन मिळतात. आजच्या मापाने पृथ्वी १ धरली तर सूर्यावर २८, गुरूच्या ढगांच्या माथ्यावर अडीच आणि शनीवर १.०७.

शनीचा हा आकडा थांबून पाहण्याजोगा आहे. शनीत पृथ्वीच्या ९५ पट द्रव्य, तरी तिथे आपले वजन इथल्यापेक्षा फारसे वाढत नाही! कारण शनी फुगीरही तसाच आहे. त्याच्या ढगांवर उभे राहता आले असते तर आपण केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या नऊपटींहून दूर असतो. अंतराचा वर्ग द्रव्याची बहुतेक कमाई खाऊन टाकतो. मंगळ आणि बुध यांची जोडीही अशीच. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट, पण दोन्हीकडे वजन पृथ्वीच्या ३८ टक्केच. पृथ्वीवर काट्यावर ६० किलो दाखवणारा माणूस दोन्ही ठिकाणी सुमारे २३ किलो दाखवील. त्याच्या शरीरातले द्रव्य मात्र ६० किलोच.

न्यूटनच्या यादीत मंगळ नाही, बुध नाही, शुक्रही नाही. त्यांचे कोणतेही चंद्र तेव्हा माहीत नव्हते, म्हणून विचारायला कोणी नव्हते. मंगळाचे दोन चिमुकले चंद्र ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून आसफ हॉलने शोधले आणि मगच त्याचे वस्तुमान नेमके काढता आले. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीचे वस्तुमान ८९९ किलो. तिची चाके मंगळाच्या जमिनीवर दाब देतात तो पृथ्वीवरच्या साधारण ३४० किलोंइतका. या गाडीतली दिशा सांभाळणारी त्वरणमापके वापरून शास्त्रज्ञांनी डोंगर चढताना ओढ कशी बदलते ते मोजले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. खालचे खडक अपेक्षेपेक्षा बरेच सच्छिद्र निघाले, घनमीटरला सुमारे १,६८० किलो.

चंद्रावर हा फरक माणसाने स्वतःच्या पायांनी अनुभवला. तिथे वजन सहाव्या हिश्शाचे. अंतराळपोशाख आणि पाठीवरचा संच यांचे पृथ्वीवर ८० किलोंच्या पुढे भरणारे ओझे तिथे उचलताना जाणवत नसे. पण जुलै १९६९ मध्ये चालून पाहताना बझ ऑल्ड्रिनने वर्णन केले की चालत असताना एकदम थांबता येत नाही; थांबायचे तर दोन-तीन पावले आधीच तयारी करावी लागते. वजन घटले होते, वस्तुमान घटले नव्हते. अंगातला वेग तितकाच हट्टी, आणि तो मोडायला पायांना जमिनीची पकड मात्र एक षष्ठांश. डिसेंबर १९७२ मध्ये, रिशेच्या मोहिमेनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, अंतराळवीर सर्नान आणि श्मिट यांनी ‘अपोलो १७’ च्या गाडीवर गुरुत्वमापक ठेवून टॉरस-लिट्रो दरीत जागोजागी ओढ मोजली. त्यावरून दरीखाली सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसॉल्टचा थर असल्याचे कळले.

आणि जिथे वजन नाहीच, तिथे? पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात माणूस, काटा आणि जमीन सगळे एकत्रच पडत असतात, म्हणून काट्यावर शून्य. लंबक तर हलणारच नाही. १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अशाच स्थानकावर गेलेल्या अंतराळवीरांचे शरीर झिजते आहे का हे डॉक्टरांना रोज जाणून घ्यायचे होते. विल्यम थॉर्नटन या डॉक्टरने त्यासाठी स्प्रिंगांवर बसवलेली खुर्ची केली. अंतराळवीराने तीत अंग आखडून बसायचे, पट्टे आवळायचे, खुर्ची एका बाजूला ओढून सोडायची. ती मागेपुढे हेलकावे घेई आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागला हे यंत्र टिपे. लंबकाच्या वेळेत ग्रहाची ओढ येते, गोळ्याचे वस्तुमान येत नाही. या खुर्चीचे अगदी उलट: तिच्या वेळेत बसलेल्याचे वस्तुमान येते आणि ओढीला तिथे थाराच नाही. माणूस जितका भरदार तितका हेलकावा संथ. स्कायलॅबवर राहून आलेल्या तिन्ही तुकड्यांची झीज या खुर्चीने दिवसागणिक नोंदवली. त्याच तत्त्वावरची लहान यंत्रे जेवणात उरलेले अन्न मोजायलाही होती, म्हणजे कोणी किती खाल्ले आणि शरीरात किती टिकले याचा हिशेब पृथ्वीपासून चारशेहून अधिक किलोमीटर उंचीवर, वजनाशिवाय, लावता येत होता.